वाट वाकडी करून

गावाचं नाव ग्लोब, ॲरिझोना.
तांब्याची खाण, थोडे सिग्नल, एक शाळा,
आणि शाळेमागच्या भाड्याच्या घरात
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघी:
मी हिंगोलीची, आठवीला गणित शिकवणारी,
रोवेना इलोइलोची, विज्ञानवाली.
मधे लॅपटॉप, शेंगदाणे, सुकवलेला आंबा,
आणि तिकिटांचे भाव, दर दहा मिनिटांनी हलणारे,
मोंढ्यातल्या हळदीसारखे.

रोवेनाचं सरळ आहे.
फिनिक्स, लॉस एंजलिस, मनिला, घर.
मुलगा सात वर्षांचा, मावशीकडे वाढतोय,
पुढचे दोन दात हलताहेत त्याचे.
ते पडायच्या आत पोचायचं तिला,
एक तासही वाटेत सांडायचा नाही.

माझं मात्र पसरत जातं.
तैपेईला सोळा तास थांबा, तर शहर बघून येऊ.
हनोईहून ह्युए, रात्रीच्या गाडीने.
पेनांगला एक दिवस, फक्त खायला.
लुआंग प्रबांगला नदी आहे म्हणे, रुंद, मातकट,
आमच्या कयाधूची श्रीमंत मावसबहीण असावी.
वहीत बाण काढते, खोडते.
बेरीज दरवेळी सुट्टीच्या बाहेर जाते
आणि मी गणिताची बाई.

"तुला घरी जायचंच नाहीये," रोवेना म्हणते,
रागाने नाही, आंब्याची फोड पुढे करत.

जायचंय गं.
पण इथे येण्याआधी मी कधीच आशियाई नव्हते.
मी बांगर मास्तरांची मधली होते.
नांदेडला गेले की हिंगोलीची,
मुंबईत मराठवाड्याची, तेही जरा नाक मुरडून.
मग इथल्या ऑफिसात एका बाईने फॉर्म सरकवला,
मी एका चौकोनात खूण केली
आणि एवढा मोठा खंड माझ्या नावाला लागला.
पोरं विचारतात, मिस, तुमच्याकडे रोज भूकंप होतो?
मिस, तुमच्याकडे साप खातात?
मी म्हणते, विचारून सांगते.
विचारणार कुणाला?
ज्या चौकोनात बसवलंय मला
त्याच्या भिंतींना एकदा हात लावून यायचंय, बस.

तात्यांना फोनवर सगळा बेत वाचून दाखवला.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, "डायरेक्ट गाडी नाही का?"
आणि हाच माणूस सेनगावला निघाला की
वाट वाकडी करून औंढ्याला उतरायचा
कुणाच्याही पोराच्या बारशाला.
मी म्हटलं, "आहे, पण महाग पडते."
हे निम्मं खरं.

अजून एक भानगड आहे.
तीस मेच्या रात्री लॉस एंजलिसहून निघालं
की तैपेईत एक जूनची पहाट.
एकतीस मे समुद्रावर कुठेतरी गळतो,
खिशाला भोक असावं तसा.
आणि एक जून म्हणजे तात्यांचा वाढदिवस,
शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला,
त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा तोच.
खरा दिवस कुणालाच माहीत नाही.
हळद काढून झाली होती, एवढंच घरात सांगत.
मी वहीत एकतीस मेच्या पुढे लिहिलं: तात्या.
रोवेनाने विचारलं, हा कुठला विमानतळ?

हसत बसलो दोघी.
हिंगोली टाइप करून पाहिलं,
तर साइट विचारते, हेलसिंकी म्हणायचंय का?
त्यावर पुन्हा हसलो, जरा कमी.

मग तिने काही न बोलता वही ओढली
आणि माझ्या बाणांच्या जंजाळात
हिरव्या पेनने एक बाण घातला,
मनिलाहून खाली, इलोइलोकडे.
"दोन दिवस," म्हणाली,
"दात पडले असतील तर खिंड दाखवेल तुला."

पेनांग खोडलं.
तोवर भाव एकवीस डॉलरनी चढला होता.